एका दिवशी एकच प्राणी

शनिवार, १० ऑक्टोबर १९८७. हजर: निवड समितीचे तिघे, म्हणजे शिकागोजवळच्या शॉमबर्गचे डॉक्टरकाका, त्यांच्या पत्नी काकू आणि ईडन प्रेरीहून आलेला एक तरुण इंजिनिअर; यजमानांपैकी माझा नवरा, आणि आमच्या मराठी मंडळाची चिटणीस म्हणून मी; शिवाय मावशी. गैरहजर: मंडळाचे अध्यक्ष, कंबर धरल्यामुळे.

मावशींचं नाव शेवटी आहे, कारण त्यांना बोलावलेलं नव्हतं. ते मी ठरवून केलं होतं. हाताशी असलेल्या माहितीवर तो निर्णय तेव्हा बरोबरच होता. का, ते आधी सांगते.

आमचं गाव म्हणजे ओहायोतलं एक मध्यम आकाराचं शहर. एक रुंद नदी, तिच्या काठी धान्याची उंच कोठारं, काचेचे कारखाने, एक प्राणिसंग्रहालय, एक म्युझियम. शिकागोहून येणारे लोक हायवेवरून आमच्या पाट्या वाचत पुढे निघून जातात. मावशी तिथल्या पहिल्या मराठी रहिवासी. साठच्या दशकात भूल देणाऱ्या डॉक्टर म्हणून एका वर्षासाठी आल्या आणि राहिल्या. लग्न केलं नाही. हॉस्पिटल आणि गाव, एवढाच संसार. "आठवडाभर मी लोकांना झोपवते," त्या म्हणायच्या, "मग शनिवारी कुणाला तरी जागं करायला नको?"

जागं करणं म्हणजे गाव दाखवणं.

त्यासाठीचा पोशाख ठरलेला. साडी, तिच्यावर पुरुषी रेनकोट, पायांत धावायचे बूट आणि डोक्यावर गावच्या बेसबॉल संघाची टोपी. गाडी म्हणजे बाजूला लाकडासारख्या पट्ट्या चिकटवलेली लांबलचक स्टेशन वॅगन. तिच्या मागच्या भागात घडीची स्टुलं, एक चटई, चहाचा थर्मास आणि बेसनाच्या लाडवांचा डबा. लाडू आमच्यासाठी नसत. ते फाटकांवरच्या, काउंटरमागच्या आणि कुंपणापलीकडच्या लोकांसाठी असत. लाडू देऊन मावशी गावात सगळीकडे मागच्या दाराने शिरायच्या. पुढच्या दाराने गेलं की तिकीट मिळतं, मागच्या दाराने गेलं की माणूस भेटतो, असं त्यांचं मत होतं.

आम्ही या गावात आलो त्या दिवशी खोकीही उघडलेली नव्हती. दुपारी बेल वाजली.

"मी मावशी. चला."

"कुठे?" मी विचारलं.

"गाव बघायला."

"मावशी, अजून सामान लावायचंय, ग्रोसरी आणायचीय..."

"घर काय, लावलं की लागतं. गाव पहिल्या दिवशी पाहिलं नाही तर पुढे कधीच पाहिलं जात नाही. बूट घाला, बर्फ आहे."

त्यांनी आम्हाला थेट प्राणिसंग्रहालयात नेलं. मागच्या फाटकाने, हत्तीच्या घराकडे. स्टुलं उघडली आणि आम्हाला हत्तीसमोर बसवलं. हत्तीण गवत खात होती. आम्ही बघत होतो. बराच वेळ झाल्यावर माझा नवरा उठला.

"खाली बस," मावशी म्हणाल्या.

"पुढे सिंह आहे, मावशी. पाटी वाचली मी."

"असू दे. तो पुढच्या आठवड्यातही सिंहच असेल. एका दिवशी एकच प्राणी."

हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी माझ्या माहितीत कधी मोडला नाही. एका दिवशी एकच प्राणी, एकच चित्र, एकच झाड. घाईने सगळं पाहणाऱ्याला त्या हिशेबातच धरायच्या नाहीत. स्वतः त्या नायगाराला कधी गेल्या नव्हत्या. गाडीने एका दिवसाच्या अंतरावर असून नाही. "पाणी वरून खाली पडतं," त्या म्हणायच्या. "कळलंय मला. इथलं अजून संपलेलं नाही."

माझे सासरे नागपूरहून आले तेव्हा त्यांना म्युझियम बघायचं होतं. निवृत्त हेडमास्तर, हातात वही, सगळी दालनं क्रमाने पाहायचा बेत. मावशींनी त्यांना एका लहानशा चित्रासमोर स्टुलावर बसवलं. चित्रात एक ताट, एक सुरी आणि एक अर्धवट सोललेलं लिंबू. तेवढंच पाहून त्यांना परत आणलं. घरी आल्यावर सासऱ्यांनी टोपी आपटली.

"इतकं मोठं म्युझियम, आणि मला लिंबू दाखवलं! तेही अर्धं सोललेलं!"

पण नागपूरला परतल्यावर त्यांनी अमेरिकेतलं म्हणून जे वर्णन सगळ्यांना केलं, ते त्या लिंबाचं. सालीची वळी कशी ताटाबाहेर लोंबत होती, सुरीच्या पात्यात त्याचं प्रतिबिंब कसं होतं, इथपर्यंत. पुढे त्यांच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ असायची: मुलं कशी आहेत, तब्येती कशा आहेत, लिंबू कसं आहे.

माझ्या नवऱ्याच्या बाबतीत मात्र मावशी इतक्या सौम्य नव्हत्या. एकदा जानेवारीत त्यांच्याच गाडीत बसून तो म्हणाला, "मावशी, गाव छान आहे, पण तसं बघायला गेलं तर इथे काही नाही ना?"

मावशींनी गाडी कडेला घेतली. "उतर."

"अहो, बर्फ आहे!"

"म्हणूनच हळू चालशील. त्या कोपऱ्यापर्यंत चालत ये आणि काय काय दिसलं ते सांग."

आम्ही कोपऱ्यावर थांबलो. तो नाक लाल करून आला आणि खिडकीतून सांगू लागला: कांद्यासारख्या घुमटाचं चर्च, न्हाव्याच्या दुकानात आरशासमोर एकटाच गाणारा न्हावी, स्वेटर घातलेला कुत्रा, आणि बर्फ उपसणारी एक आजीबाई, जिने त्याच्या हातात फावडं देऊन थोडा बर्फ उपसून घेतला होता.

"मग?" मावशी म्हणाल्या. "म्हणे काही नाही. बस गाडीत."

त्यानंतर 'इथे काही नाही' हे वाक्य तो फक्त घरात म्हणायचा, तेही हळू आवाजात.

आता समितीबद्दल. मध्य-पश्चिमेतल्या मराठी मंडळांचं एक संमेलन दर उन्हाळ्यात एखाद्या गावी भरायचं. यजमानपणासाठी आम्ही दोनदा अर्ज केला होता आणि दोन्ही वेळा आम्हाला एकच प्रश्न विचारून नकार मिळाला होता: पण तुमच्याकडे पाहण्यासारखं काय आहे? आमचं मंडळ अकरा घरांचं. ते मावशींच्या बैठकीच्या खोलीत सुरू झालेलं. नवी कुटुंबं यायची, वर्ष-दोन वर्षं राहायची आणि मोठ्या शहरात बदली मागून निघून जायची. वार्षिक सभेत ठरलं की एकदा शेवटचा प्रयत्न करू. या वेळीही नाही म्हणाले तर मंडळ बंद करू आणि शेजारच्या मोठ्या शहराच्या मंडळात नावं घालू. विरोधात एकच हात वर झाला, मावशींचा. हात खाली घेऊन त्यांनी मला विचारलं, "समिती कधी येणार?"

"कळवते," मी म्हणाले. आणि कळवलं नाही. समितीला एक लिंबू दाखवून परत पाठवणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

मी माझ्या पद्धतीने आखणी केली. सकाळी प्राणिसंग्रहालय, पुढच्या फाटकाने, छोट्या आगगाडीतून फेरी. मग म्युझियम, मार्गदर्शकासह. दुपारी आमच्याकडे पुरणपोळीचं जेवण. मग नदीकाठचं नवं सभागृह आणि हॉटेलच्या खोल्या. पाचला निरोप. हवामान पाहिलं होतं, फुटबॉलच्या सामन्यामुळे कोणते रस्ते बंद राहतील ते विचारलं होतं, डॉक्टरकाकांना मीठ कमी लागतं हे शॉमबर्गला फोन करून माहीत करून घेतलं होतं. वेळापत्रक टाइप करून स्वयंपाकघरात टाचलं होतं.

सकाळ वाईट गेली. छोटी आगगाडी दुरुस्तीला गेलेली होती, त्यामुळे सिंहापर्यंत पोचलोच नाही. म्युझियममधला मार्गदर्शक शाळेच्या एका सहलीत अडकला, म्हणून आम्ही दालनामागून दालन भराभर ओलांडत गेलो. त्या लिंबावरूनही गेलो. कुणी थांबलं नाही. डॉक्टरकाका सज्जन माणूस, पण अंगात शिस्त. प्रत्येक ठिकाणाहून निघताना ते एकच वाक्य बोलायचे.

"छान आहे. असंच आमच्याकडेही आहे."

दुसऱ्यांदा ते वाक्य ऐकल्यावर माझ्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

घरी आलो. पानं वाढली. पुरणपोळ्या, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, तूप. डाळ शिकागोहून मागवलेली, पुरण आदल्या रात्री शिजवून वाटलेलं. काकू पानासमोर बसल्या आणि त्यांनी हात जोडले. मला वाटलं, प्रार्थना करताहेत.

"अगं," त्या हळूच म्हणाल्या, "आज संकष्टी."

भारतातून आलेलं कॅलेंडर माझ्या स्वयंपाकघरात नेहमी असतं. त्यात संकष्टीच्या चौकोनात लाल गणपती छापलेला असतो, तो आंधळ्यालाही दिसेल. मला दिसला नाही, कारण माझं टाइप केलेलं वेळापत्रक मी बरोबर त्या चौकोनावर टाचलं होतं.

"दोघांचाही असतो," डॉक्टरकाका म्हणाले. "लग्नापासून. चंद्र बघूनच सोडतो. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. आम्ही परत जाताना वाटेत गाडी थांबवून चंद्र बघू आणि कुठेतरी काहीतरी खाऊ."

"साबुदाणा भिजवू का?" मी विचारलं आणि लगेच आठवलं की घरात साबुदाणा नाही. तो मिळणारं दुकान दुसऱ्या शहरात.

"नको गं. आम्ही दिवसा फळाशिवाय काही घेत नाही," काकू म्हणाल्या. बोलताना त्या पुरणपोळीकडे बघत होत्या.

तेवढ्यात बेल वाजली. दारात रेनकोट, टोपी आणि धावायचे बूट.

"इलिनॉयची नंबरप्लेट या गावात लपत नाही," मावशी म्हणाल्या आणि सरळ आत आल्या. "नमस्कार. जेवणं झाली?"

मी त्यांना बाजूला घेऊन संकष्टीचं सांगितलं. मी सांगत असताना त्यांचा चेहरा असा उजळला की कुणाला वाटावं, मी बक्षीस लागल्याची बातमी देतेय.

"वा!" त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "म्हणजे जेवणाचा वेळ वाचला. आणि चंद्र उगवेपर्यंत तुम्ही आमचे."

"बाई, आम्हाला पाचला निघायचंय," डॉक्टरकाका म्हणाले.

"उपाशीपोटी इतकं लांब ड्राइव्ह करणार? मी भूल देते, डॉक्टर. उपाशी पेशंट कसे वागतात ते मला विचारा. चंद्र इथे बघा, इथे जेवा, मग हवं तेव्हा निघा."

डॉक्टरकाकांनी घड्याळ पाहिलं. काकूंनी पुन्हा पुरणपोळीकडे पाहिलं.

"अहो, त्या म्हणतात ते खरंय," काकू म्हणाल्या. "आणि एवढं पुरण मुलीने घातलंय. थांबू या."

प्रश्न तिथेच सुटला. उरला तो ईडन प्रेरीचा तरुण. तो पानासमोर अवघडून बसला होता.

"तुझीही संकष्टी?" मावशींनी विचारलं.

"नाही, म्हणजे, इट्स ओके यार, आय कॅन वेट."

"यार कुणाला म्हणतोस? स्वयंपाकघरात जा, उभ्याने दोन पोळ्या खा आणि गाडीत येऊन बस. समितीत एक तरी माणूस जेवलेला पाहिजे."

तो गेला. चार खाऊन आला.

मी माझं वेळापत्रक हातात घेऊन विचारलं, "मावशी, सभागृहाला तीनची वेळ दिलीय."

"सभागृह पळून जातंय का? भिंती आहेत, छप्पर आहे, खुर्च्या आहेत. यांनी अशी खूप पाहिलीत. उपासाला काय चालतं? फळ. चला."

आम्ही सगळे स्टेशन वॅगनमध्ये बसलो आणि मावशींनी आम्हाला गावाबाहेरच्या सफरचंदाच्या बागेत नेलं. ऑक्टोबरातली बाग. झाडं वाकलेली, खाली गवतात पडलेल्या फळांचा आंबूस वास. मागच्या वाटेने शिरलो, मालकिणीच्या हातात लाडू पडला, तिने आम्हाला टोपल्या दिल्या. मावशींनी एक झाड निवडलं.

"हेच. बाकीच्यांकडे बघू नका."

काकू वीस वर्षं अमेरिकेत होत्या. आधी काही क्षण त्या नुसत्या झाडाखाली उभ्या राहिल्या. मग पदर खोचला, बुटक्या शिडीच्या दोन पायऱ्या चढल्या आणि एक सफरचंद पिरगळून तोडलं.

"अहो! झाडावरून!" त्या वरून ओरडल्या. "वीस वर्षं दुकानातून आणतेय मी! कुणी सांगितलं नाही!"

"मला काय माहीत तुला हवं होतं," डॉक्टरकाका खालून म्हणाले, पण ते हसत होते. सकाळपासून पहिल्यांदा.

बागेत ताज्या सफरचंदांचा रस काढून देत होते. तो उपासाला चालतो का, यावर डॉक्टरकाकांनी शंका काढली. दाबून काढलाय म्हणजे त्यावर प्रक्रिया झाली की नाही?

"फळच आहे ते, डॉक्टर," मावशी म्हणाल्या. "चावायचा त्रास तेवढा वाचवलाय."

डॉक्टरकाकांनी दोन पेले घेतले.

तिथून मावशींनी गाडी नदीवर नेली. आमच्या गावात एक उचलता पूल आहे. धान्य न्यायला मोठी जहाजं आली की रस्ता मधोमध दुभंगतो आणि दोन्ही बाजू आकाशाकडे उभ्या राहतात. मी रोज त्या पुलावरून गाडी नेत असे आणि तो उघडला की वैतागत असे. पाहण्याचं ठिकाण म्हणून तो माझ्या यादीत आलाच नव्हता.

पूल चालवणारा माणूस मावशींच्या ओळखीचा. डॉक्टरचं 'डॉक' करून तो त्यांना हाक मारायचा. लाडू घेऊन त्याने आम्हाला आपल्या केबिनबाहेरच्या लोखंडी सज्ज्यावर उभं केलं.

"जहाज केव्हा येणार?" डॉक्टरकाकांनी विचारलं.

"येईल तेव्हा," मावशी म्हणाल्या आणि स्टुलं उघडली.

आम्ही बसून राहिलो. ऊन कलत होतं, नदी तांब्याच्या रंगाची झाली होती. मी घड्याळ पाहिलं. पाच वाजून गेले होते. सभागृहाच्या मॅनेजरला फोन करायचा राहिला होता. इंजिनिअर सफरचंद खात होता. डॉक्टरकाका पाय हलवत होते. मला वाटलं, संपलं. यांना आपण एक रिकामी नदी दाखवली आणि मंडळ बुडवलं.

मग घंटा वाजू लागली. फाटकं खाली आली, गाड्या थांबल्या, आणि आमच्यासमोरचा रस्ता, त्यावरच्या पट्ट्यांसकट, दिव्यांच्या खांबांसकट उचलला जाऊ लागला. वळणावरून जहाज आलं. ते इतकं जवळून गेलं की त्याच्या बाजूचा गंज दिसत होता, दोरीवर वाळत घातलेले शर्ट दिसत होते. मागच्या डेकवर एक खलाशी उभा होता.

डॉक्टरकाका उठून कठड्याशी गेले. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि ते हलवू लागले. खलाशाने टोपी काढून उत्तर दिलं. डॉक्टरकाका जहाज वळणाआड जाईपर्यंत हात हलवत होते.

"हे दाभोळचे," काकू मला हळूच म्हणाल्या. "लहानपणी धक्क्यावरून उठायचे नाहीत म्हणे."

पूल खाली आला, गाड्या सुरू झाल्या. डॉक्टरकाकांनी चष्मा पुसला.

"असं आमच्याकडे नाही," ते म्हणाले.

माझ्या नवऱ्याने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

राहिला चंद्र. आमचं गाव सपाट. उंच जागा एकच, ती म्हणजे जुन्या जलाशयाचा मातीचा बांध. वर जायला सिमेंटच्या पायऱ्या आणि त्यांना एक लोखंडी कठडा. आम्ही घरी जाऊन जेवणाचे डबे टॉवेलात गुंडाळून आणले आणि अंधार पडताना चढू लागलो. काकूंचा गुडघा दुखरा. त्यांनी कठड्याला धरलं तर कठडाच त्यांच्याबरोबर हलला.

"त्याच्या भरवशावर राहू नका, माझ्या राहा," म्हणत मावशींनी त्यांना दंडाला धरून वर नेलं. वळून मला म्हणाल्या, "या कठड्याचं बघ गं. सिटीला कळव."

वर गार वारा होता. खाली सगळं गाव दिव्यांनी आखल्यासारखं पसरलेलं. मावशींनी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि पूर्वेला बोट दाखवलं. तिथे धान्याची दोन कोठारं काळी उभी होती.

"या दोघांच्या मधून येतो. बरोबर मधून. लक्ष ठेवा."

आम्ही लक्ष ठेवलं. कोठारांच्या मध्ये काही नव्हतं. वाट बघितली. वर्तमानपत्रातली वेळ होऊन गेली. मागे इंजिनिअर पुटपुटला, "आज सुट्टीवर आहे वाटतं." काकूंनी अर्घ्यासाठी घरून आणलेला तांब्या घट्ट धरला होता. सकाळपासून त्यांनी काही सफरचंदं आणि रस एवढंच घेतलं होतं.

"अहो!" काकू अचानक म्हणाल्या. "तो काय! इकडे!"

आम्ही सगळे वळलो. कोठारांपासून कितीतरी डावीकडे, मावशींच्याच हॉस्पिटलच्या छपरावर, चंद्र पूर्ण बाहेर आलेला होता. केशरी, एका बाजूने थोडा झिजलेला, आणि आम्ही सगळे भलतीकडेच बघत उभे होतो.

मावशींनी टोपी मागे सरकवून त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"आज तो चुकलाय," त्या म्हणाल्या.

आधी डॉक्टरकाका हसले, मग आम्ही सगळे. हसू थांबल्यावर काकूंनी बांधावरचं कोवळं गवत दूर्वा म्हणून खुडलं, तांब्यातून अर्घ्य दिलं, सफरचंद आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. डॉक्टरकाका चपला काढून शेजारी उभे राहिले. गवतावर दव होतं. मग चटई पसरली, डबे उघडले. पोळ्या अजून कोमट होत्या. आमटी थर्मासमधून आली. डॉक्टरकाकांनी मिठाचा विषय काढला नाही. इंजिनिअर पुन्हा जेवला.

"या गावात अजून काय आहे?" डॉक्टरकाकांनी तुपाची बोटं पुसत विचारलं.

"आज एवढंच," मावशी म्हणाल्या.

"अहो, पण आम्हाला ठरवायचंय."

"मग पुढच्या उन्हाळ्यात या. सगळ्यांना घेऊन."

डॉक्टरकाका काकूंकडे वळले. "काय म्हणतेस?"

"त्यात विचारायचं काय?" काकू म्हणाल्या.

"आणि तू?"

"काका, आय ॲम सोल्ड," इंजिनिअर तोंडात घास धरून म्हणाला. "पण मला सिंह बघायचाय."

डॉक्टरकाकांनी माझ्याकडे पाहिलं. "चिटणीसबाई, लिहून घ्या. संमेलन तुमच्या गावी."

माझ्याकडे लिहायला काही नव्हतं. वेळापत्रक खाली गाडीत राहिलं होतं. माझ्या नवऱ्याने बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की खालच्या वस्तीतली कुत्री भुंकू लागली. मावशी पोळी खात होत्या. त्यांनी फक्त डब्यातली तुपाची वाटी माझ्याकडे सरकवली.

पायऱ्या उतरताना त्या माझ्या शेजारी होत्या.

"मला बोलावलं नव्हतंस ना?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं केलंस. बोलावलं असतंस तर सकाळपासून आले असते, आणि मग संध्याकाळपर्यंत हत्तीच झाला असता."

पुढच्या उन्हाळ्यात संमेलन झालं. दाटीवाटीने झालं, थाटात झालं. शॉमबर्गहून, ईडन प्रेरीहून, पार जर्सी सिटीहून गाड्या आल्या. सहलीच्या दिवशी सगळ्यांना सगळं दाखवायची आखणी मी केली होती. मावशींनी ती हाणून पाडली. लोकांचे गट केले आणि एका गटाला एकच गोष्ट. कुणाला पूल, कुणाला लिंबू, कुणाला हत्ती, कुणाला काचेची भट्टी. सकाळी लोक चिडले. रात्री जेवणाच्या पंगतीत मात्र कुणी खाली मान घालून जेवलं नाही. "तुम्ही काय पाहिलंत?" "आमचं लिंबू." "लिंबू? लिंबात काय पाहायचं?" "तेच तर सांगतोय, ऐका." मुलं टेबलांवरून ओरडत होती: "वुई गॉट द एलिफंट!" भांडणं झाली, अदलाबदलीचे सौदे झाले. दुसऱ्या दिवशी अर्ध्या लोकांनी मुक्काम वाढवला. हॉटेलच्या मॅनेजरने मला विचारलं, गावात नक्की काय आहे? मी त्याला मावशींकडे पाठवलं.

मंडळ बंद झालं नाही. घरं वाढली. बदली मागणाऱ्या दोन कुटुंबांनी बदली घेतली नाही.

मावशी आता नाहीत. त्यांचं जे वय तेव्हा होतं त्याच्या जवळ मी आले आहे, आणि शनिवारचं काम माझ्याकडे आलं आहे. नवीन कुटुंब आलं की मी बेल वाजवते. वेळापत्रक अजूनही टाइप करते. त्यात एकच ओळ असते. लाडू बरे होतात, त्यांच्याइतके नाहीत.

बांधावरच्या कठड्याचं काम तेव्हापासून माझ्याकडे आहे. सिटीला पत्रं पाठवली, फोन केले, एकदा जाऊन बसले. दर वेळी नवा माणूस असतो आणि दर वेळी त्याला पहिल्यापासून सांगावं लागतं. परवा फोनवर जो आला तो तरुण होता, अदबीने बोलत होता. म्हणाला, "मॅडम, आमच्या माहितीप्रमाणे त्या बांधावर कुणी जात नाही."

मी म्हणाले, जातात. तुम्ही या, मी नेते.

तो यायला तयार झाला. दुपारी लंचच्या सुट्टीत येतो म्हणाला. मी म्हणाले, दुपारी नाही, संध्याकाळी, आणि दिवस मी सांगेन. त्याला कोणता दिवस सांगायचा ते कॅलेंडरातला लाल गणपती बघून ठरवायचं आहे. कठडा अजून हलतो.